बीटलचा पहिला सोलो अल्बम, मुक्काम फोर्ट, मुंबई!

'बीटल्स'चा गिटारिस्ट जॉर्ज हॅरिसन १९६८च्या जानेवारीत मुंबईत आला आणि फिरोजशहा मेहता रोडवरच्या एका स्टुडिओत आपल्या पहिल्यावहिल्या स्वतंत्र अल्बमचा मोठा भाग रेकॉर्ड करून गेला. गंमत म्हणजे या अल्बममध्ये गिटार शोधावी लागते. कानावर पडतात ते सरोद, शहनाई, संतूर, बासरी... आणि नीट कान दिला तर फोर्टातल्या टॅक्सीसुद्धा!

संध्याकाळचे साडेपाच वाजले की फोर्टातल्या युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमधली ऑफिसं सुटायची. कारकून, टायपिस्ट, शिपाई, सगळे डबे-छत्र्या सांभाळत एकदम जिन्याकडे वळायचे. कुणाला चर्चगेट गाठायचं, कुणाला व्हीटी. जिन्यावर शेकडो पावलांचा धाडधाड आवाज उठायचा. आणि नेमक्या त्याच वेळी वर, एचएमव्हीच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत, जगातल्या सगळ्यात लोकप्रिय बँडचा गिटारिस्ट हात वर करून सांगायचा, 'थांबा!' सरोद थांबायचा, तबला थांबायचा. पावलांचा आवाज विरला की मग पुन्हा टेक.

जॉर्ज हॅरिसननं पुढे स्वतःच ही आठवण सांगितली होती. स्टुडिओ ऑफिसांच्या डोक्यावर होता आणि बाहेरचा आवाज अडवण्याची सोय जवळपास नव्हतीच. अल्बम लक्षपूर्वक ऐकला तर भारतीय वाद्यांच्या काही तुकड्यांत रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सी ऐकू येतात, असं तो हसत सांगायचा. लंडनच्या ॲबे रोडवर बसून रेकॉर्ड करणाऱ्या माणसाला हे भलतंच वाटलं असणार. पण त्यानं गाशा गुंडाळला नाही. चार-पाच दिवसांत हवं ते सगळं रेकॉर्ड करून तो परत गेला.

त्या अल्बमचं नाव 'वंडरवॉल म्युझिक'. चार बीटल्सपैकी कुणीही स्वतःच्या नावावर काढलेला हा पहिला अल्बम. जॉन लेननचा नव्हे, पॉल मॅकार्टनीचा नव्हे, तर चौघांतल्या सगळ्यात धाकट्या आणि सगळ्यात कमी बोलणाऱ्या जॉर्जचा!

एखाद-दोन गाण्यांचा वाटेकरी

जॉर्जचा जन्म १९४३चा, लिव्हरपूलमधला. वडील बसवर नोकरीला. शाळकरी वयात गिटारचं वेड लागलं आणि त्याच वेडानं त्याला जॉन आणि पॉलच्या टोळीत नेलं. पुढचा इतिहास सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण त्या इतिहासात जॉर्जचा वाटा जरा अवघडच होता. गाणी लिहायची ती लेनन-मॅकार्टनी या जोडीनं. एका अल्बममागे एखाद-दोन, फार तर तीन गाणी जॉर्जच्या वाट्याला यायची. एकत्र कुटुंबात धाकट्या दिराच्या पत्नीला स्वयंपाकघरात जेवढा अधिकार, साधारण तेवढाच.

अशा माणसाला सतार भेटली. १९६५ साली 'हेल्प!' या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका उपाहारगृहाचं दृश्य होतं आणि त्यात भारतीय वादक बसवले होते. मधल्या वेळेत जॉर्जनं त्यांच्यातली सतार हातात घेऊन पाहिली. मग लंडनच्या एका दुकानातून त्यानं स्वतःसाठी सतार विकत घेतली आणि त्याच वर्षी 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यात ती वाजवलीही. शिकण्याआधीच! सतारीची तार तुटली तेव्हा नवी कुठे मिळणार, हे शोधताना 'एशियन म्युझिक सर्कल' या संस्थेचा पत्ता लागला. ती चालवायचे मूळचे कर्नाटकातले अयन देव अंगडी आणि त्यांच्या इंग्रज पत्नी पॅट्रिशिया. त्यांच्या घरीच १९६६च्या जूनमध्ये जॉर्जची पं. रविशंकरांशी गाठ पडली.

सुरुवातीच्या शिकवणीतला एक प्रसंग जॉर्ज पुढे अनेकदा सांगायचा. फोन वाजला म्हणून तो उठला आणि सतार ओलांडून पलीकडे जाऊ लागला. रविशंकरांनी त्याच्या पायावर फटका मारला. वाद्याचा मान राखायला आधी शीक! आपल्याकडे पाटीला पाय लागला तरी पोर कपाळाला हात लावतं. लिव्हरपूलच्या पोराला हे कुणी शिकवलेलं असणार? पण त्याला ते पटलं आणि तो गंडा बांधल्यासारखा त्यांच्या मागे लागला.

१९६६च्या सप्टेंबरात तो पत्नी पॅटी बॉइडसह मुंबईत आला. ओळख लपवायला मिशा वाढवल्या होत्या, ताजमहाल हॉटेलात खोली दुसऱ्याच नावानं घेतली होती. उपयोग झाला नाही. बातमी फुटली, हॉटेलखाली तरुण-तरुणींचा गराडा पडला आणि गुरु-शिष्यांना शिकवणी आटोपती घेऊन काश्मीरला जावं लागलं. त्या मुक्कामात जॉर्जला रियाजात मदत करणारा रविशंकरांचा मुंबईतला एक शिष्य होता, शंभू दास. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण सव्वा वर्षानं तो पुन्हा भेटणार आहे.

भिंतीच्या भोकातून

१९६७ साली ज्यो मॅसो नावाचा दिग्दर्शक एक चित्रपट करत होता, 'वंडरवॉल'. गोष्ट अगदी छोटी. एक विसरभोळा, एकलकोंडा प्राध्यापक. सूक्ष्मदर्शकात जंतू पाहण्यात आयुष्य गेलेलं. एके दिवशी घराच्या भिंतीतल्या भोकातून प्रकाशाची तिरीप येते, तो डोळा लावतो आणि पलीकडे राहणाऱ्या मॉडेल तरुणीच्या रंगीबेरंगी जगात हरवून जातो. प्राध्यापक झाला होता जॅक मॅकगोरन आणि तरुणी जेन बर्किन. (आजच्या काळात हे प्रकरण पोलिस ठाण्यात गेलं असतं, हा भाग वेगळा!)

चित्रपटात संवाद नावालाच होते. म्हणजे गोष्ट सांगायची ती संगीतानं. मॅसोनं जॉर्जला विचारलं. जॉर्ज म्हणाला, मला चित्रपटाचं संगीत कसं करतात ते येत नाही. मॅसोचं उत्तर होतं, तू जे देशील ते मी वापरीन.

ज्याला आपल्याच बँडमध्ये एकेका गाण्यासाठी थांबावं लागत होतं, त्याला कुणीतरी अख्खा चित्रपट मोकळा करून दिला होता! जॉर्जनं ठरवलं, ही संधी भारतीय संगीतासाठी वापरायची. पाश्चात्त्य तरुणांना सतार म्हणजे सगळं भारतीय संगीत असं वाटत होतं. त्यांना सरोद, शहनाई, संतूर, सूरबहार, तारशहनाई, पखवाज असं बरंच काही ऐकवायचं. एक छोटेखानी नमुनासंग्रहच करायचा.

काम करायची त्याची रीत साधी होती. चित्रपट पडद्यावर चालवायचा, हातात स्टॉपवॉच धरायचं आणि प्रत्येक प्रसंगाची लांबी सेकंदांत टिपून घ्यायची. मग तेवढ्याच लांबीचा तुकडा रेकॉर्ड करायचा. हिंदी चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात मुरलेल्या वादकांना हा प्रकार मुळीच नवा नव्हता. पडद्यावर नायिका जिना उतरेपर्यंत सतार, दार उघडलं की बासरी, हे त्यांचं रोजचंच काम. जॉर्जसाठी मात्र पहिलाच धडा.

नोव्हेंबर १९६७मध्ये लंडनमध्ये कामाला सुरुवात झाली. मदतीला जॉन बॅरम हा इंग्रज पियानोवादक होता. तोही रविशंकरांचा शिष्य आणि राग पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवू शकणारा. पण सरोद आणि शहनाईसाठी लंडन पुरं पडणार नव्हतं. १९६८च्या जानेवारीत जॉर्जनं मुंबईचं विमान पकडलं.

कलकत्त्याहून रेल्वेनं आलेलं यंत्र

मुंबईत पोचल्यावर पहिली अडचण उभी राहिली ती यंत्राची. एचएमव्हीच्या इथल्या स्टुडिओत फक्त मोनो रेकॉर्डिंगचं जुनं, अवाढव्य यंत्र होतं. मोनो म्हणजे सगळे आवाज एकाच पट्टीत मिसळलेले. डावा-उजवा असा भेदच नाही. तेव्हा भास्कर मेनन या एचएमव्हीच्या तरुण अधिकाऱ्यानं दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र चक्क कलकत्त्याहून रेल्वेनं मुंबईत आणलं. कपाटाएवढं ते धूड देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गाडीनं न्यायचं, तेही एका परदेशी पोराच्या चार दिवसांच्या हौसेसाठी! आज खिशातल्या फोनवर स्टिरिओ रेकॉर्डिंग होतं, म्हणून या खटाटोपाची कल्पना यायला थोडं थांबून विचार करावा लागतो.

हे मेनन पुढे फार मोठे झाले. त्रिवेंद्रमला जन्मलेला हा माणूस १९७१मध्ये अमेरिकेच्या कॅपिटॉल रेकॉर्ड्सचा प्रमुख झाला आणि 'पिंक फ्लॉइड'चा 'डार्क साइड ऑफ द मून' अमेरिकेत घरोघरी पोचवण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. २०२१ साली त्यांचं निधन झालं.

यंत्र आलं तरी दोनच ट्रॅक. म्हणजे सात-आठ वादकांनी एकत्र बसायचं, एकदम वाजवायचं आणि कुणाचा आवाज किती हे त्याच क्षणी ठरवायचं. नंतर दुरुस्तीला वाव नाही. जॉर्जला लंडनमध्ये जास्त ट्रॅकची सवय होती. तिथे आज गिटार, उद्या आवाज, परवा पियानो असं टप्प्याटप्प्यानं रेकॉर्डिंग चालायचं. इथे वाजवता वाजवताच मिश्रण. पण त्याची त्यानं तक्रार केली नाही. उलट, जास्त ट्रॅकनी माणूस लाडावतो, असं त्याचं म्हणणं पडलं.

समोर बसलेली मंडळीही लेचीपेची नव्हती. सरोदवर आशिष खाँ. उस्ताद अली अकबर खाँ यांचे चिरंजीव आणि बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू. तबला आणि पखवाजावर महापुरुष मिश्र. सतारीवर शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य. सूरबहारवर चंद्रशेखर. बासरीला एस. आर. केंकरे, तारशहनाईला विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंगाला रिजराम देसाद. शहनाईवर शरद आणि हनुमान अशी जोडी. आणि संतूरवर होते तिशीच्या उंबरठ्यावरचे शिवकुमार शर्मा. 'झनक झनक पायल बाजे'पासून त्यांचं संतूर चित्रपटांत ऐकू येत होतं आणि 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीनं ते नुकतंच रसिकांच्या दिवाणखान्यात पोचलं होतं. एचएमव्हीचे विजय दुबे आणि शंभू दास यांची या सगळ्या जुळवाजुळवीत मदत होती.

यातलं तारशहनाई हे वाद्य तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल. नावात शहनाई असली तरी फुंकायचं काही नाही. इसराजासारखं गजानं वाजवायचं तारवाद्य, त्याला ग्रामोफोनसारखा छोटा कर्णा जोडलेला. त्यामुळे तारेचा सूर शहनाईसारखा नाकातून येतो. जुन्या हिंदी चित्रपटात नायिका उंबरठ्यावर कोसळते तेव्हा मागे जो जीवघेणा सूर ऐकू येतो, तो बऱ्याचदा याच वाद्याचा. जॉर्जनं त्याचा अचूक उपयोग केला. अल्बममधला 'क्राइंग' हा तुकडा म्हणजे केवळ विनायक व्होरांची तारशहनाई. जेमतेम सव्वा मिनिटाचा, पण तेवढ्यात घर रिकामं करून जातो.

'मायक्रोब्ज', म्हणजे जंतू, असं नाव असलेल्या पहिल्याच तुकड्यात शहनाई आहे. लग्नघरातली नव्हे. संथ, गंभीर, दरबारी कानड्याच्या वळणाची. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या म्हाताऱ्यासाठी अशी शहनाई सुचणं हे धाडसच. 'गत किरवानी'त सरोद, सतार आणि तबला अशी द्रुत लयीत झुंज आहे. आणि 'लव्ह सीन'मध्ये आशिष खाँ स्वतःशीच जुगलबंदी करतात. एकदा सरोद वाजवून झाला, मग आपलंच वाजवणं ऐकत त्यावर दुसरा सरोद! एकावर एक ध्वनिमुद्रण करण्याची ही युक्ती जॉर्जनं त्यांना दाखवली. मैहर घराण्याच्या वारसाला लिव्हरपूलच्या गिटारिस्टानं काहीतरी शिकवलं, असा हा दुर्मीळ क्षण.

पदरात पडलेलं आणखी एक गाणं

ठरलेलं काम संपल्यावर जॉर्जनं त्याच वादकांना घेऊन आणखी एक धून रेकॉर्ड केली. केंकऱ्यांची बासरी, आशिष खाँ यांचा सरोद, हनुमान यांची शहनाई, देसादांचं हार्मोनियम, महापुरुष मिश्रांचा पखवाज. चित्रपटाशी तिचा संबंध नव्हता. भगवद्गीतेचा आणि उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद केलेले केंब्रिजचे संस्कृत पंडित हुआन मास्कारो यांनी जॉर्जला एक पुस्तक पाठवून सुचवलं होतं की, ताओ-ते-चिंग या चिनी ग्रंथातल्या वचनांना चाल लावून पाहा.

फेब्रुवारीत लंडनमध्ये त्या धुनेवर जॉर्जनं गायलं. आपल्याला जमेल की नाही म्हणून तो बिचकत होता, सहकाऱ्यांनी धीर दिला. शेवटी जॉन आणि पॉलनं सूर मिळवला. हे गाणं म्हणजे 'द इनर लाइट'. मार्च १९६८मध्ये 'लेडी मॅडोना'च्या तबकडीच्या पाठीमागे ते बाजारात आलं. बीटल्सच्या सिंगल तबकडीवर जागा मिळालेलं जॉर्जचं हे पहिलं गाणं. आणि त्यातलं एकही वाद्य कुणा बीटलनं वाजवलेलं नाही! 'लेडी मॅडोना'साठी लाखो घरांत गेलेल्या तबकडीच्या पाठीमागे फोर्टातल्या स्टुडिओतली बासरी गेली.

नावाची गोष्ट

अल्बम १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडमध्ये आला. बीटल्सच्या स्वतःच्या 'ॲपल' कंपनीची ही पहिली एलपी. मुंबईच्या मंडळींबरोबर तिच्यावर लंडनचेही वादक आहेत. लिव्हरपूलचा 'रेमो फोर' हा बँड, माउथ ऑर्गनवर टॉमी रायली. 'स्कीइंग' या तुकड्यातली झणझणीत इलेक्ट्रिक गिटार एरिक क्लॅप्टनची आणि ड्रम रिंगो स्टारचे. अल्बममधला खरा रॉक म्हणावा असा तुकडा हाच आणि त्यातली गिटारही दुसऱ्याच्या हातात! जॉर्जनं इकडेतिकडे थोडंफार वाजवलं आहे, पण वेष्टनावर तो दिसतो संगीतकार आणि निर्माता म्हणून. वादकांच्या यादीत त्याचं नाव नाही.

इतरांची नावं मात्र आहेत, आणि या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोलाची गोष्ट हीच. त्या काळात चित्रपटाच्या तबकडीवर गायक, संगीतकार, फार तर गीतकार एवढ्यांचीच नावं असायची. ज्याच्या बासरीवर गाणं उभं आहे, त्याचं नाव शोधूनही सापडायचं नाही. सिटिंग झालं, पाकीट घेतलं, वाद्य पेटीत ठेवलं, पुढच्या स्टुडिओकडे निघाला. परदेशातही फार वेगळं नव्हतं. १९६६च्या 'रिव्हॉल्वर' अल्बमवर जॉर्जच्या गाण्यात तबला वाजवणाऱ्या अनिल भागवत यांचं नाव छापलं गेलं, पण तो अपवाद. पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर' या जगप्रसिद्ध अल्बममध्ये जॉर्जच्या 'विदिन यू विदाऊट यू'साठी अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी या लंडनस्थित वादकांनी दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवला. वेष्टनावर त्यांपैकी एकाचंही नाव नव्हतं. कित्येक दशकांनी ती नावं जगासमोर आली.

'वंडरवॉल म्युझिक'वर मुंबईच्या वादकांची यादी रीतसर छापली गेली. स्पेलिंगची मात्र पार वाट लागली! शर्मांचं 'शेरमार' झालं, इंद्रनीलचा 'इंद्रिल'. शहनाईवाल्या जोडीचं आडनाव 'जादेव' असं आहे. मराठी डोळे ते 'जाधव' असंच वाचणार. तरीही नाव ते नाव.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. १९च्या १९ तुकड्यांचा संगीतकार म्हणून नाव एकट्या जॉर्जचं आहे. किरवानीची गत, सरोदची बढत, तारशहनाईचा तो आर्त सूर, यांत वादकाच्या प्रतिभेचा वाटा किती? आपल्या संगीतात वाजवणारा हाच वाजवता वाजवता रचत असतो. पाश्चात्त्य कायद्याच्या वहीत मात्र रचनाकाराचा रकाना वेगळा आणि वादकाचा वेगळा. रचनाकाराला पुढची अनेक वर्षं मानधन मिळत राहतं, वादकाचा हिशोब त्या दिवशीच मिटतो. जॉर्जनं मुद्दाम कुणाचं हिरावलं असं म्हणता येत नाही, रीतच तशी होती. पण ती रीत कुणाच्या सोयीची होती, हे सांगायला नको.

खिशातून पैसे मात्र त्याचे गेले. संगीतासाठी अंदाजपत्रक ६०० पौंडांचं, प्रत्यक्ष खर्च १५ हजारांच्या घरात. वरचा भार जॉर्जनं उचलला.

एक वीट काढा!

वेष्टनावरचं चित्र बॉब गिल या अमेरिकन चित्रकाराचं. मधोमध विटांची भिंत. एका बाजूला काळा कोट आणि गोल हॅट घातलेला इंग्रज गृहस्थ, दुसऱ्या बाजूला पाण्यात खेळणाऱ्या भारतीय स्त्रिया. जॉर्जनं चित्र पसंत केलं, पण एक दुरुस्ती सुचवली. भिंतीतली एक वीट काढा. त्या बिचाऱ्याला पलीकडे पोचायची काही आशा तरी राहू दे!

इतकं सगळं करून अल्बम चालला का? फारसा नाही. अमेरिकेत तो ४९व्या क्रमांकापर्यंत चढला, इंग्लंडच्या यादीत दिसलाच नाही. चित्रपट मे १९६८मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, पण पुढे लोकांपर्यंत नीट पोचला नाही. आणि अल्बमनंतर तीनच आठवड्यांनी बीटल्सचा पांढऱ्या वेष्टनातला जोडअल्बम आला. त्याच्या वादळात बासरी कोण ऐकणार?

जॉर्ज स्वतःही वळणावर होता. १९६८च्या उन्हाळ्यात अमेरिकेत रविशंकरांसोबत वेळ घालवल्यावर त्याला कळून चुकलं की, सतारीवर हुकूमत मिळवायची तर लहानपणापासून बसायला हवं होतं. तो गिटारकडे परतला. मात्र १९६९नंतर त्यानं जी गिटार हातात धरली, तिच्यात बोटावर नळी चढवून तारेवरून सरकवायची पद्धत होती. एका सुरातून दुसऱ्या सुरात घरंगळत जायचं. मींड म्हणतात ती हीच, हे भारतीय कानाला सांगावं लागत नाही. १९७०चा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हा तीन तबकड्यांचा अल्बम अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पुष्कळजण त्यालाच जॉर्जचा पहिला सोलो अल्बम समजतात. मुंबईचं खातं विसरलं जातं ते असं.

त्याचा मुंबईच्या वादकांशी धागा मात्र तुटला नाही. १९७४मध्ये रविशंकरांनी भारतीय वादकांचा मोठा ताफा युरोपात नेला, तेव्हा यजमान जॉर्ज होता. त्याच्या फ्रायर पार्क या प्रासादतुल्य घरात रेकॉर्डिंग झालं. त्या ताफ्यात अल्लारखाँ होते, हरिप्रसाद चौरसिया होते, आणि फोर्टातल्या स्टुडिओत बसलेले दोघे होते, शिवकुमार शर्मा आणि रिजराम देसाद. यावेळी जिन्यावरून ऑफिस सुटल्याचा आवाज येण्याची भीती नव्हती.

'वंडरवॉल' हे नाव पुढे वेगळ्याच कारणानं जगभर गाजलं. १९९५ साली 'ओअॅसिस' या इंग्रज बँडनं त्याच नावाचं गाणं केलं. नाव जॉर्जच्या अल्बमवरून घेतलेलं. ते गाणं गुणगुणणाऱ्या पोरांना त्या शब्दामागे शहनाई आहे, हे कुठून ठाऊक असणार!

जॉर्ज २००१च्या नोव्हेंबरात गेला. शिवकुमार शर्मा २०२२मध्ये, आशिष खाँ २०२४मध्ये. २०१४ साली अल्बम नव्यानं साफसूफ करून सीडीवर आला, तेव्हा त्यात काही जादा तुकडे घालण्यात आले. एकाचं नाव 'ऑलमोस्ट शंकरा', म्हणजे जवळजवळ शंकरा. रागाच्या बाबतीत इतका प्रामाणिक मथळा आपल्याकडच्या एखाद्या मैफलीतसुद्धा ऐकायला मिळत नाही! दुसरा आहे 'द इनर लाइट'चा तेव्हा वगळलेला एक टेक. त्यात गाणं नाही, शब्द नाहीत, जॉन-पॉलचा शेवटचा सूरही नाही. नुसती केंकऱ्यांची बासरी, हनुमान यांची शहनाई, आशिष खाँ यांचा सरोद, देसादांचं हार्मोनियम आणि खाली महापुरुष मिश्रांचा पखवाज.